भातुकलीतले इंजिन

मी इंजिनावर लेख लिहिणार आहे, हे ऐकून आमच्या वर्गातील मैत्रिणींना हसू आले. 'कवितेवर लिही, स्त्रीजीवनावर लिही; हे लोखंड कशाला?' असे एकीने विचारलेही. तिचे म्हणणे अगदीच चूक नाही. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. आमचा संबंध साहित्याशी, इतिहासाशी, अर्थशास्त्राशी. पण ज्या घरातली चूल लोखंडावर पेटते, त्या घरातल्या मुलीने लोखंडावर का लिहू नये?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) स्टँडच्या मागे गॅरेज चालवतात. ट्रॅक्टर आणि विहिरीवरची डिझेल इंजिने दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. सातवीतून शाळा सुटली आणि ते एका मिस्त्रींच्या हाताखाली पाने उचलून द्यायला लागले. आज नुसता आवाज ऐकून कोणत्या सिलिंडरचे नोझल बिघडले आहे, हे ते सांगतात. माझे अक्षर बरे म्हणून गॅरेजची वही मी आठवीपासून लिहिते. त्या वहीतल्या एका पानापासूनच हा लेख सुरू करते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता. एका ओळखीच्या शेतकऱ्याने आपला जुना ट्रॅक्टर गॅरेजला आणला. उसाच्या दोन ट्रॉल्या चढावर ओढवत नाहीत, 'जरा पंप वाढवून द्या,' असा त्यांचा आग्रह होता. पंप वाढवणे म्हणजे डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून प्रत्येक फटक्याला जास्त डिझेल सोडणे. अण्णांनी आधी नको म्हटले. पण हंगाम चार महिन्यांचा, माणूस अडलेला. त्यांनी स्क्रू फिरवला. ट्रॅक्टर जोरात निघाला, मागे काळ्या धुराचा लोट. 'काळा धूर म्हणजे जोर' अशी आपल्याकडे समजूतच आहे! तीन आठवड्यांनी तोच ट्रॅक्टर दोरीने ओढत परत आला. एका पिस्टनचा माथा वितळला होता, लाईनर ओरबाडून निघाली होती. वहीत त्या दिवशी मी लिहिले : एकूण खर्च २८,००० रुपये, पैकी निम्मा आपल्याकडे. अण्णांनी निम्मा खर्च आपल्या अंगावर घेतला, कारण स्क्रू त्यांच्या हाताने फिरला होता. त्या वर्षी माझ्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे आईने बचत गटातून उचलले.

चूक कुणाची, हा माझ्या लेखाचा विषय नाही. चूक करायला किती खर्च येतो आणि तो कुणाला परवडतो, हा माझा विषय आहे.

थोडा इतिहास पाहू. ज्यांच्या नावाने आपण इंधनालाही हाक मारतो, ते रुडॉल्फ डिझेल. त्यांनी १८९३ साली आपल्या कल्पनेतल्या इंजिनावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील कारखान्यात पहिल्या इंजिनाची चाचणी सुरू झाली. त्या चाचणीत दाब मोजायचे उपकरणच फुटून उडाले! पुस्तकातले पुष्कळसे गणित प्रत्यक्षात उतरणारे नव्हते. ज्वलनाविषयीची आणि दाबाविषयीची मूळ कल्पना त्यांना बदलावी लागली. पुढली चार वर्षे ते चुकत राहिले आणि दुरुस्त करत राहिले. अखेर १८९७ सालच्या अधिकृत चाचणीत त्यांच्या इंजिनाने इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा कामाला लावली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या मानाने ही फार मोठी मजल होती. पण या चार वर्षांचा खर्च कुणी सोसला? आउग्सबुर्गच्या कारखान्याने आणि क्रुपसारख्या धनाढ्य कंपनीने. डिझेल बुद्धिमान होते हे खरेच. पण त्यांना चुकण्याची मुभा होती, हेही तितकेच खरे आहे. माझ्या वडिलांना ती एका पिस्टनापुरतीसुद्धा नव्हती.

आता ही मुभा स्वस्त करणारे एक साधन निघाले आहे. त्याला इंजिन सिम्युलेशन म्हणतात. मराठीत 'सादृशीकरण' असा एक भारदस्त शब्द आहे. मला मात्र आपला जुना शब्द जवळचा वाटतो : भातुकली. लहानपणी आपण मातीच्या चुलीवर लटका भात शिजवला. तो करपला तरी घरात कुणी उपाशी राहिले नाही. पण त्यातूनच खऱ्या चुलीपुढे बसायचे धैर्य आले. सिम्युलेशन ही इंजिनाची भातुकली आहे. फरक एवढाच, की या भातुकलीत भात करपतो तो खऱ्या गणिताने.

ती चालते कशी? फोर-स्ट्रोक इंजिनाचे एक चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पुरे होते. मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात हे चक्र अवघ्या ०.०६ सेकंदात आटोपते. त्यात हवा आत येते, दाबली जाते, डिझेल पेटते, पिस्टन ढकलला जातो, धूर बाहेर पडतो. डोळ्यांना यातले काहीच दिसत नाही. सॉफ्टवेअर या ७२० अंशांचे बारीक तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्याला विचारते : आत हवा किती, दाब किती, उष्णता किती, व्हॉल्व्ह किती उघडा? वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांचा हिशेब जुळला पाहिजे, हा त्याचा नियम. म्हणजे तीही एक प्रकारची जमाखर्चाची वहीच! आत आलेले आणि बाहेर गेलेले यांचा मेळ लागलाच पाहिजे.

अण्णांच्या स्क्रूचेच उदाहरण घ्या. १ किलो डिझेल पुरे जळायला हिशेबाने सुमारे १४.५ किलो हवा लागते. प्रत्यक्षात हवा आणि डिझेल नीट मिसळत नाहीत, म्हणून इंजिनाला हवा त्याहूनही जास्त द्यावी लागते. स्क्रू फिरवून डिझेल वाढवले, पण हवा तेवढीच राहिली. म्हणजे पाहुणे वाढले आणि पिठले तेवढेच! जादा डिझेलपैकी काही अर्धवट जळून काळ्या धुराने बाहेर गेले, उरलेल्याने उष्णता वाढवली. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. मिश्रधातू त्याआधीच मऊ पडू लागतो. तेव्हा पिस्टनने माथा टाकला यात नवल नाही. काळा धूर म्हणजे जोर नव्हे; तो वाया चाललेला पैसा आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली, ती हवेच्या नळीची. सिलिंडरमध्ये हवा नेणाऱ्या नळीत दाबाच्या लाटा उठतात आणि बासरीतल्याप्रमाणे मागेपुढे धावतात. व्हॉल्व्ह मिटायच्या बेताला अशी एक लाट येऊन पोचली, तर ती थोडी जास्त हवा आत ढकलते. हे जुळायला नळीची लांबी आणि इंजिनाचे फेरे यांचा मेळ लागतो : साधारणपणे कमी फेऱ्यांना लांब नळी, जास्त फेऱ्यांना आखूड. नुसती नळीची लांबी बदलून इंजिनाचा जोर बदलतो, हे ऐकून मला नवल वाटले. पूर्वी हे शोधायला नळ्यांमागून नळ्या कापून पाहाव्या लागत. आता पडद्यावर आकडा बदलायचा की झाले.

मोठे कारखाने याचा उपयोग कधीपासून करू लागले आहेत. समजा, एका इंजिनात पाच गोष्टी बदलायच्या आहेत आणि प्रत्येकीच्या दहा शक्यता आहेत. तर जोडण्या होतात एक लाख. एवढ्या चाचण्या खऱ्या इंजिनावर घेणे कुणालाच शक्य नाही. संगणकावर त्या गाळून दहा-बारांवर आणता येतात आणि तेवढ्याच मग लोखंडात करून पाहता येतात. कमिन्स कंपनीने २००७ साली बाजारात आणलेले ६.७ लिटरचे एक डिझेल इंजिन जवळजवळ सर्वस्वी संगणकावर आखले गेले होते. प्रत्यक्ष चाचण्या नंतर खात्री करून घेण्यापुरत्या झाल्या. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून नव्या मोटारींना 'भारत स्टेज ६' ही धुराची कडक मर्यादा लागू झाली, तीही चौथ्या पायरीवरून पाचवी गाळून एकदम सहाव्या पायरीवर. अशा उडीला आधी पडद्यावर तालीम केलेली बरी, हे सांगायला तज्ज्ञ नको.

गेल्या दिवाळीत माझा आतेभाऊ आमच्याकडे आला होता. तो पुण्याला इंजिनीअरिंग शिकतो. त्याने लॅपटॉपवर त्यांच्या अभ्यासातले असले एक सॉफ्टवेअर दाखवले. गॅरेजच्या बाकड्यावरच, पान्यांच्या शेजारी लॅपटॉप ठेवला होता. अण्णा काही वेळ नुसते पाहत होते. मग म्हणाले, ''आरं, तुझ्या ह्या डब्याला इचार की, पंप वाढिवला तर काय हुतंय?''

त्याने तीन सिलिंडरच्या इंजिनाचे आकडे भरले आणि डिझेल थोडे थोडे वाढवत नेले. पडद्यावर दोन रेघा उमटल्या. जोराची रेघ आधी चढली, मग चढता चढता सपाट होऊ लागली. धुराच्या उष्णतेची रेघ मात्र वरच निघाली. अण्णा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. मला वाटते, त्यांना तो ट्रॅक्टर दिसत असावा.

मग ते म्हणाले, ''पर ह्यात फिल्टर सोच्छ दिसतोय. उसाच्या फडातनं आल्याला फिल्टर असा असतुय व्हय? पाचटाच्या धुळीनं निम्मा तुंबल्याला असतुय.''

आतेभाऊ थबकला. 'मामा, हे माझ्या ध्यानातच आले नाही,' म्हणाला. त्याने हवेच्या वाटेत अडथळा वाढवून गणित पुन्हा चालवले. आता जोराची रेघ आधीच सपाट झाली आणि उष्णतेची आणखी वर गेली. म्हणजे स्क्रू जेवढा फिरवला होता, तेवढा स्वच्छ फिल्टरवर कदाचित निभावला असता. फडातल्या फिल्टरवर तो निभावणे कठीण होते. तीन वर्षे अण्णा स्वतःला ज्या चुकीसाठी बोल लावत होते, तिचे दुसरे निम्मे कारण त्या दिवशी सापडले. सापडले ते दोघांमुळे. एकट्या सॉफ्टवेअरला फिल्टरची धूळ ठाऊक नव्हती आणि एकट्या अण्णांना उष्णतेची रेघ दिसत नव्हती.

माझे मत याच प्रसंगातून तयार झाले आहे. ते असे, की सिम्युलेशनची खरी गरज ज्यांना चूक परवडत नाही त्यांना आहे आणि सिम्युलेशनला खरी गरज त्यांच्याच अनुभवाची आहे. आज मात्र ते साधन कंपन्यांच्या आणि निवडक महाविद्यालयांच्या दाराआड आहे. 'जीटी-पॉवर', 'एव्हीएल बूस्ट', 'रिकार्डो वेव्ह' ही या क्षेत्रातली नामांकित सॉफ्टवेअरे. ती कंपन्यांसाठी केलेली असतात. स्टँडमागच्या गॅरेजने त्यांचा परवाना विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही.

कुणी म्हणेल, सातवी शिकलेल्या मिस्त्रीला ही समीकरणे काय कळणार? समीकरणे मलाही कळत नाहीत. पण टीव्ही पाहायला विजेचे शास्त्र यावे लागत नाही. अण्णांना प्रश्न विचारता येतो आणि आलेले उत्तर खरे की खोटे, हे हाताच्या अनुभवाने पारखता येते. मला वाटते, निम्मे काम एवढ्यात होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पडद्यावरचे इंजिन खरे नसते. त्यावर विसंबून लोक फसतील. हे मी मान्य करते. साध्या गणिताला ज्वाला नेमकी कशी पसरते हे आपोआप कळत नाही. खऱ्या इंजिनात मोजलेला दाब दाखवून ते त्याला शिकवावे लागते. भेसळीचे डिझेल, झिजलेले नोझल, मालकाने पुढे ढकललेली सर्व्हिसिंग, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय समजत नाही. म्हणून तर मी म्हणते, की सांगणारा माणूस जवळ हवा! भातुकलीला खरा संसार समजू नये. पण म्हणून भातुकली मोडूनही टाकू नये.

बंद खोलीतल्या उत्तरावर विसंबले तर काय होते, याचा धडा जगाला २०१५ साली मिळाला. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारींत असे सॉफ्टवेअर सापडले, की जे गाडीची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करी. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा हा प्रश्न होता. ते सॉफ्टवेअर सिम्युलेशनचे नव्हते, गाडीच्या नियंत्रणाचे होते, हा फरक मला ठाऊक आहे. पण ती लबाडी उघडकीला यायला कारण झाली ती अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांची साधी कृती : त्यांनी मोजायची यंत्रे गाडीत ठेवली आणि गाडी रस्त्यावर चालवली. पुढे पुण्याच्या 'एआरएआय' या वाहन संशोधन संस्थेनेही आपल्याकडच्या गाड्या तपासल्या आणि कंपनीला भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. खोलीतले उत्तर रस्त्यावर पडताळून पाहावे लागते आणि रस्त्यावर आमचे अण्णाच उभे असतात.

मग करायचे काय? नुसते मत मांडून थांबणे हा लेखकांचा जुना रोग आहे, म्हणून दोन-तीन सूचना करते. पहिली, आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात पाना धरायला शिकवतात, तसे एखादे साधे सिम्युलेशनही दाखवावे. दुसरी, आठवड्यातून एक दिवस ते गावातल्या मिस्त्रींना खुले ठेवावे. 'ओपनफोम' हे प्रवाहाचे गणित करणारे सॉफ्टवेअर २००४ पासून सर्वांना मोफत मिळते. ते शिकायला अवघड आहे. पण अवघड ते शिकवणे हेच तर संस्थांचे काम.

तिसरी सूचना आपल्यासाठी, कला शाखेसाठी आहे. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात गॉर्डन ब्लेअर नावाचे प्राध्यापक होते. टू-स्ट्रोक इंजिनावरचे त्यांचे पुस्तक १९९० साली निघाले. त्यात त्यांनी संगणकाचे प्रोग्रॅमच छापून दिले, म्हणजे वाचकाने ते स्वतः चालवून पाहावेत. ज्ञान असे दार उघडे ठेवून देता येते. पण ते इंग्रजीत होते. अण्णांना 'ब्रेक मीन इफेक्टिव्ह प्रेशर' म्हटले तर समजणार नाही. 'पिस्टनवर सरासरी किती जोर बसतो' म्हटले की ते चटकन पुढचा प्रश्न विचारतात. हे भाषांतर कोण करणार? इंजिनीअरला सवड नाही, मिस्त्रीला इंग्रजी नाही. मधे आपण आहोत. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी ट्रॅक्टर आहे, विहिरीवर इंजिन आहे, कुणाचा भाऊ ड्रायव्हर आहे! बी. ए. होऊन काय करणार, असे आपल्याला लोक विचारतात. मी तरी एवढे नक्की करू शकते, की बापाचा प्रश्न आणि पडद्यावरचे उत्तर यांच्यामध्ये मराठीचा एक पूल बांधीन.

नव्या ट्रॅक्टरांत आणि गाड्यांत फिरवायचा स्क्रू आता दिसेनासा होत चालला आहे. डिझेल किती सोडायचे हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो आणि बिघाड शोधायला पान्याआधी स्कॅनर लागतो. अण्णांच्या पिढीच्या हातातले काम असेच हळूहळू निसटत आहे. त्यांचे कान, त्यांच्या बोटांना असलेली इंजिनाची ओळख, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नाही. ते संगणकाच्या हिशेबात कुणी वेळेवर भरले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच संपेल. आणि मग पडद्यावरचे फिल्टर कायमचे स्वच्छच राहतील.

दिवाळीनंतर गॅरेजच्या वहीत एक बदल झाला आहे. शेवटच्या पानाकडून उलटे, मी अण्णांचे प्रश्न लिहून ठेवते. नळी दोन इंच लांब केली तर विहिरीवरचे इंजिन तेवढ्याच डिझेलमध्ये जास्त पाणी काढेल का? उन्हाळ्यात हवा तापून पातळ होते, तेव्हा पंप किती कमी करावा? असे अकरा प्रश्न जमले आहेत. येत्या दिवाळीला आतेभाऊ येईल, तेव्हा ते एकेक करून चालवून पाहायचे ठरले आहे. काहींची उत्तरे चुकतील, काही पिस्टन जळतील. पडद्यावरच जळतील, त्यांचा खर्च वहीच्या पुढच्या बाजूला लिहावा लागणार नाही.

उत्तरे मराठीत लिहून काढायचे काम माझ्याकडे आहे. कुणाला आपल्या घरच्या इंजिनाचा प्रश्न त्यात घालायचा असेल, तर जरूर यावे. गॅरेज स्टँडच्या मागेच आहे.

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला